दोघांच्या नावावरची गाडी

"इथे दोघांची सही लागेल," गाडीवाल्याने कागद पुढे सरकवला.

थोरल्याने सही केली आणि पेन धाकट्याच्या हातात न देता टेबलावर ठेवलं. धाकट्याने ते उचललं, सही केली आणि परत टेबलावरच ठेवलं. अकरा वर्षांत दोघा भावांमधला एवढाच काय तो व्यवहार.

गाडीवाल्याने त्यांना गाडी आतून दाखवली. छोटासा ओटा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी आणि मागे झोपायला एकच गादी.

"जोडप्यांसाठीची आहे," तो ओशाळून म्हणाला. "दुसरी शिल्लक नव्हती. मी बाईंना फोनवर तसं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तीच हवी."

बाई म्हणजे त्यांची ताई. दोघांहून मोठी, लग्न न करता आईजवळ राहिलेली. तीन दिवसांपूर्वी तिने दोघांना वेगवेगळे फोन करून एकच निरोप दिला होता. आई फार दिवस काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही. पूल वाहून गेल्यामुळे सरळ रस्ता बंद आहे. डोंगरातून दोन दिवसांचा वळसा आहे, वाटेत मुक्कामाची सोय नाही, म्हणून तिने ही गाडी ठरवली आहे. एकच.

"एकेकटे यायचं असेल तर येऊच नका," ती म्हणाली होती.

तिचं काय चुकलं? ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा थोरला सकाळी समारंभाला जाऊन आला होता आणि तो निघाल्याची खात्री करून धाकटा संध्याकाळी पोचला होता. तिने केलेलं गोडधोड दोनदा वाढलं होतं.

रस्ता कसला, डोंगराच्या अंगावरचा ओरखडाच तो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दर वळणावर आतली भांडी खडखडत. धाकटा गाडी चालवत होता, थोरला खिडकीबाहेर बघत होता. विजेच्या खांबांवर चढण्यात उभा जन्म गेलेला माणूस तो; गुडघे केव्हाच कामातून गेले होते. आणि या अबोल्याचाही आता त्याला शीण आला होता. रागावायलासुद्धा अंगात बळ लागतं. साठीनंतर ते कुठून आणायचं?

दुपारी खिंडीत फोनला रेंज आली आणि लगेच ताईचा फोन आला.

"कशी आहे?" थोरल्याने विचारलं.

"दोन चमचे पाणी गेलं पोटात. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतोय."

"तुझा आवाज किती खोल गेलाय, ताई. तू जरा पाठ टेकतेस की नाही?"

"टेकूनच आहे रे. माझं सोड. भांडताय का?"

"बोलतच नाही, तर भांडणार काय?"

ती हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली आणि फोन बंद झाला.

रात्री थोरला गादीवर झोपला आणि धाकटा पुढच्या सीटवर अंगाचं मुटकुळं करून. सकाळी दोघांच्याही माना अवघडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उतारावर रस्ताभर दरड पसरली होती. धाकट्याने कडेने गाडी काढायला बघितलं आणि मागचं चाक दगडगोट्यांत रुतलं. आसपास माणूस नाही, काणूस नाही. दोघं उतरले आणि मुकाट्याने चाकापुढचे दगड उचलू लागले. तासाभराने थोरला धापा टाकत एका धोंड्यावर बसला.

धाकट्याने पाण्याची बाटली आणली आणि या वेळी सरळ त्याच्या हातात दिली.

"बाबांच्या ऑपरेशनचा कागद," तो दरीकडे बघत म्हणाला.

थोरल्याने बाटली तोंडापासून बाजूला घेतली. त्या कागदावर त्याने एकट्याने सही केली होती. बाबा टेबलावरून परत आलेच नाहीत, आणि 'तू मारलंस त्यांना' हे धाकट्याचं शेवटचं वाक्य होतं.

"मीपण सही करायलाच निघालो होतो," धाकटा म्हणाला. "जिन्यात असतानाच कळलं, तू केलीस म्हणून. तू नसती केलीस तर मी केली असती, दादा."

"मग अकरा वर्षं..."

"कुणाला तरी दोष द्यायला हवा होता. तू समोर होतास."

थोरला गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल, सुरू कर गाडी. मी मागून ढकलतो."

"तुझे गुडघे?"

"गेले खड्ड्यात."

गाडी सुटली. उरलेल्या रस्त्यात दोघं सारखं बोलत होते. मुलांबद्दल, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल, बाबांच्या घोरण्याबद्दल. एकदा तर दोघांनाही एवढं हसू आलं की धाकट्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग थोरल्याने घड्याळात बघितलं. आई असेल ना तोवर?

दुपार कलताना ते घरी पोचले. गाडीचा आवाज ऐकून दार उघडलं गेलं.

दारात आई उभी होती. पदर खोचलेला, हातात ओला टॉवेल, चेहरा थकलेला. पण आपल्या पायांवर, खणखणीत.

थोरल्याने फाटकाचा आधार घेतला. धाकटा मोठ्याने हसला. हसण्याचा राग व्हायला वेळ लागला नाही.

"फसवलं की रे ताईने आपल्याला, दादा!" तो पायऱ्या चढत आत ओरडला. "ताई! ये बाहेर! दोन दिवस जीव मुठीत धरून आलोय आम्ही! असं खोटं बोलतात का आईबद्दल?"

आईने ओल्या टॉवेलसकट हात त्याच्या तोंडावर ठेवला. मग तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"हळू," ती म्हणाली. "रात्रभर तळमळत होती. आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."