कंबरेएवढे वाफे

जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघालं, "संदेश, कंबर गेली रे माझी. एवढी मोठी बाग आता तू आन् त्रिवेणी बघा." पोराचे डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी त्यानं खुरपणीला एक माळी ठेवला, आन् आठवड्याच्या आत मेस्त्री बोलावून कंबरेएवढे उंच, विटांचे नवे वाफे बांधून घेतले. सुनेला मेथी आन् गवत सारखंच, म्हणून पहिली लावणी मीच उभ्यानं करून दाखवली. अंबाडी टाकली, मेथी टाकली, वांग्याची रोपं लावली. मग म्हटलं, चला, सुटले एकदाची, आन् खुरपं तिच्या हाती ठेवलं.



त्रिवेणीनं ते धुऊन मलाच परत दिलं, "आई, माळ्याला उद्यापासून नक्को म्हणून सांगितलंय. आता तुम्हाला कुठं वाकावं लागतंय?"