बारावी फांदी

"कात्री धरलीयस की सांडशी?"

पुटपुट तिला ऐकू जाईल एवढीच होती. खिडकीशी लावलेल्या पलंगावर म्हातारा उशांना टेकून बसला होता आणि बाहेर, हातभर अंतरावर, त्याची बायको हनीसकलच्या झुडपात कोपरापर्यंत घुसली होती.

"बुडापासून घे. आणि प्रत्येक फांदी मला दाखवायची."

चाळीस वर्षं सरकारी बागेत काढलेला माणूस. सगळी गल्ली त्याला माळीबुवा म्हणायची. आता त्याच्या हातांना चमचा पेलवत नव्हता, जिभेची धार मात्र शाबूत होती. ती फांदी खिडकीतून आत द्यायची, तो कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवायचा, "तिरका काप घ्यायला कधी शिकणार, देव जाणे" म्हणायचा आणि फांदी पलंगाखाली सोडून द्यायचा.

प्रत्येक फांदीवर कळ्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, जोडीजोडीनं.

हे झुडूप गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलतं. फुलं गळून गेली की छाटावं, कळी धरल्यावर कात्री जवळही नेऊ नये. हे तिला त्यानंच शिकवलं होतं, तेही शिव्या घालत. आज तोच विसरला. दुखणं डोक्यात गेलं वाटतं, असं तिच्या मनात आलं. पण सांगणार कोण? त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका, डॉक्टर तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले होते. त्यापुढे जे म्हणाले, ते घरात कोणी ओठांवर आणत नव्हतं.

जन्मभर लोकांची झाडं वाढवणाऱ्यानं घरी कधी पान आणलं नाही. या झुडपाची काडी तिनंच फुटक्या मगात रुजवली होती. वर्षातले पंधरा दिवस ते फुलायचं, गोड वास घरभर पसरायचा. तेवढेच पंधरा दिवस हे घर तिला स्वतःचं वाटायचं.

"झालं," ती म्हणाली.

"अकरा झाल्या. बारा होत्या."

बारावी भिंतीलगत, पाइपामागे होती. पलंगावरून ती दिसणं शक्यच नव्हतं.

"तेवढी एक राहू द्या की हो."

"आई, तूही ना," चहा घेऊन आलेली मुलगी म्हणाली. हल्ली तिच्या आवाजात तान्ह्याला भरवतानाचा गोडवा आला होता. "बाबा म्हणतायत तर काप की. पुढच्या वर्षी भिंतभर फुलं येतील. हो की नाही, बाबा? तुम्हीच मोजायची."

तिनं धरलेल्या कपातून म्हाताऱ्यानं एक घोट घेतला. मग नव्या माळ्याला समजवावं तसं, सावकाश, तो खिडकीबाहेर बोलला.

"कळ्या उमलायला अजून चार आठवडे लागतील. डॉक्टरनं मला तीनच दिलेत. आपल्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं."

कात्री तिच्या हातात उघडीच राहिली.

"मी मेल्यावर तू त्या झुडपाशी खुर्ची टाकून वास घेत बसणार. काप ती."