मग मी?

लिफ्टशेजारी पाटी लागली, ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, जिन्याने उतरावे.’ मी व्हीलचेअरवरून हात उंचावून तिच्याखाली लिपस्टिकनं लिहिलं, ‘मग मी?’ सेक्रेटरींनी पुसलं. मी पुन्हा लिहिलं. आज आग लागल्याचा सराव होता. सेक्रेटरी सकाळीच सांगून गेले, “वहिनी, तुम्ही घरीच बसा, उगाच कशाला दगदग?” भोंगा वाजला. अख्खी इमारत हसतखिदळत जिन्यानं उतरली. खालून माइकवर घोषणा ऐकू आली, “शाब्बास! सगळे सुखरूप बाहेर!” मी सेक्रेटरींना फोन लावला. “भाऊजी, बाराव्या मजल्यावर एक बाई जळून मेली. तेवढंही जाहीर करा.” ते तणतणत लिफ्टनंच वर आले. लिफ्टचं दार उघडलं, तर समोर मी, खुर्ची आडवी लावून. “वहिनी, चेष्टा पुरे! बाजूला व्हा!” “छे! आग लागलीय ना? खाली जा, चौघांना घेऊन जिन्यानं या. मला जिवंतपणीच उचला.”