पुढच्या उजव्या चाकाचा आवाज

“सरळ जाताना घुमते आणि डावीकडे वळवली की जास्तच,” गाडीची मालकीण म्हणाली. ती परिचारिका होती, त्यामुळे लक्षणं मोजून-मापून सांगत होती. “आवाज पुढूनच येतोय. कुठल्या चाकाचा, ते तुम्ही शोधा.”

गाडी अठरा वर्षांची, चारही चाकांना ताकद जाणारी. गॅरेजवाल्यांच्या मुलीने चावी घेतली आणि एक चक्कर मारून आली. गाडी गुणी बाळासारखी गप्प. त्यात तिला नवल वाटलं नाही. गॅरेजात आलं की गाड्यांचं दुखणं पळतं, हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं.

मग तिच्या मनात आलं, ही गाडी बाबांनाच द्यावी. त्यांना काय ऐकू येतं ते तरी कळेल.

गेले काही महिने तिला घोर लागला होता. बाबा हल्ली घसा ताणून बोलत. तिला फोन करायचं सोडून चिठ्ठ्या लिहून ठेवत. परवा तिने गाडीखालून तीनदा हाक मारली, उत्तर नाही. बाहेर येऊन बघते तर बाबा पाच पावलांवर उभे, तिच्याकडेच बघत. उद्या गाडी उचलायची लिफ्ट खाली येताना असं झालं तर? चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून गाड्यांची नाडी ओळखणाऱ्या माणसाला ‘आता घरी बसा’ कसं म्हणायचं, या विचाराने तिचा जीव कासावीस होई.

“तू चालव,” शेजारी बसत बाबा मोठ्याने म्हणाले. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी तिला गाडी नागमोडी न्यायला लावली.

“डावीकडे वळलीस की वजन उजव्या चाकावर येतं. पायाच्या तळव्याला काय लागतं?”

“थरथर वाढली.”

“आणि उजवीकडे?”

“कमी झाली. म्हणजे उजवं बेअरिंग गेलं.”

“घाई नको. टायरही असेच फसवतात.”

गॅरेजात गाडी लिफ्टवर चढली. बाबांनी तिचा हात धरून उजव्या स्प्रिंगवर ठेवला, तिला डोळे मिटायला सांगितलं आणि चाक हाताने फिरवलं. बारीक खरखर तिच्या बोटांत चढली, वाळूवर चप्पल घासावी तशी. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं. बाबांनी खांद्याला हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले.

“तुम्हाला आवाज आला का, बाबा?”

“आवाजाचं काय घेऊन बसलीस? हाताला कळलं ना?”

किती दिवस हे असे हातांवर निभावून नेत होते, आणि आपण तोंड उघडलं नाही. तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळपर्यंत नवं बेअरिंग बसलं. परिचारिका गाडी फिरवून आली आणि खूश होऊन गेली. मग मुलीने धीर केला.

“बाबा, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. नुसतं तपासून घ्यायचं. काही निघालं तरी गॅरेज सोडायला कोणी सांगणार नाही. मी आहे ना.”

बाबांनी हात पुसून फडकं खुंटीला अडकवलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आता भांडण होणार असं ती धरूनच चालली होती.

“जाऊ,” ते म्हणाले. “गुरुवारी जाऊ.”

इतक्या सहज ऐकलं म्हणून तिला त्यांचं आणखीच वाईट वाटलं.

गुरुवारी दवाखान्यात बाबा काउंटरपाशी गेले. ती त्यांची पिशवी सांभाळत मागे उभी राहिली. काउंटरवरच्या बाईने मान वर न करताच पुटपुटल्यासारखं विचारलं, “तपासणी तुमची का?”

“मुलीची,” बाबा तितक्याच हळू म्हणाले. “मागच्या महिन्यात फोनवर बोललो होतो मी. माझ्यासाठी आलोय असं वाटतंय तिला. डॉक्टरांना म्हणावं, जरा जपून सांगा. कानांशिवाय काम करायला लागलीय ती, हेही सांगा.”

ती त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होती. तिला यातला एक शब्दही ऐकू आला नाही.