दहा नंबरचा पाना

फळीवर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती, आणि तेवढ्यावरून गाडी अडली होती.

फळी गॅरेजच्या भिंतीवर. तिच्यावर सदतीस हत्यारं, आणि प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगाने काढलेला त्याचा आकार. हत्यार उचललं की मागे त्याचं भूत उरायचं. अर्धं आयुष्य लढाऊ विमानं उडवण्यात आणि उरलेलं ती उघडून जोडण्यात घालवलेल्या माणसाची ही फळी. नेम एकच: काम संपलं की फळी भरली पाहिजे. नाही भरली, तर राहिलेलं हत्यार यंत्राच्या पोटात आहे असं धरायचं आणि यंत्र जागचं हलू द्यायचं नाही. नोकरीत असताना एका चिमट्यापायी त्यांनी सहा विमानं भर उन्हात धावपट्टीवर खोळंबवून ठेवली होती, आणि त्यातल्या एकात त्यांचा साहेब बसलेला होता.

इथे तर नुसता जावई बसला होता.

काल रात्री जेवताना त्याच्या तोंडून निसटलं, की गाडी जरा घरघर करते. सासऱ्यांनी सकाळी सहालाच बॉनेट उघडलं. घरघर गेली, तिच्याबरोबर पानाही गेला. आता साडेदहा वाजत आले होते. सामान डिकीत गेलं होतं, लेकीच्या पायात बूट चढले होते, आणि किल्ली सासऱ्यांच्या खिशात होती.

जावयाने ऑफिसला फोन करून पंक्चर झाल्याचं सांगितलं. खरं कारण कुणाला पटलं नसतं.

"बाबा, एक पाना तर आहे. मी तुम्हाला डझनभर आणून देते," लेक म्हणाली.

"आण की डझनभर," गाडीखालून आवाज आला. "पण हा कुठाय, ते आधी कळू दे."

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. पाना कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्या फळीला धूळ झटकायलाही हात लावला नव्हता. पण लेक वर्षाने आली, तीही एका रात्रीपुरती. वाऱ्यासारखी आली आणि वाऱ्यासारखी निघाली. रात्रीचं जेवण दोघांच्या फोनांनीच खाल्लं. पोरीच्या तोंडाकडे बघत दुपारचे चार घास व्हावेत, एवढंच तिला हवं होतं. सकाळी ती गॅरेजमध्ये चहा घेऊन गेली तेव्हा नवऱ्याचं डोकं बॉनेटमध्ये होतं. परत येताना ट्रेमध्ये रिकाम्या कपाशेजारी पाना होता.

बेत छान जमला होता. आणखी तासभर शोधाशोध झाली की पोटात कावळे ओरडणार, मग कोण उपाशी निघतंय?

ती पाणी घेऊन गॅरेजमध्ये गेली. लेक-जावई गाडीच्या पलीकडे गवत चाळत होते. हे मात्र उपड्या बादलीवर बसले होते. कपाळाला ग्रीस. दोन्ही तळहात समोर धरून त्यांकडे बघत होते.

"तीन वेळा बघितलं," ते हळूच म्हणाले. "मीच कुठेतरी ठेवलाय. आठवत नाही गं. डोक्यातली फळीपण रिकामी व्हायला लागली वाटतं."

पेला तिथेच ठेवून ती आत गेली, कोपरापर्यंत हात तांदळात घातला, आणि परत येऊन पाना त्यांच्या हातात दिला.

"तुमचं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. "माझंच फिरलं होतं."

त्यांनी पाना उलटासुलटा केला. त्याच्या गोल तोंडात तांदळाचा एक दाणा अडकला होता. नखाने तो काढून त्यांनी तळहातावर घेतला आणि बराच वेळ निरखला. विमानाच्या तेलात सापडलेला धातूचा कण ते असाच निरखायचे. आत कुठे काय झिजलंय, ते त्या कणावरून कळायचं.

ती बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. ते उठले, आणि पाना पुसून जागेवर लावला.

"सापडला," त्यांनी हाक दिली आणि जावयाला किल्ली दिली.

जावयाने दार लावायच्या आधी इंजिन सुरू केलं. लेकीने आईला घाईघाईत मिठी मारली आणि आत बसली. खिडकीच्या काचेवरचा हात आईने हळूहळू काढून घेतला.

हे पुन्हा फळीसमोर उभे होते. ओठ हलवत शेवटची मोजणी करत होते. मग गाडीच्या पुढ्यात येऊन त्यांनी हात वर केला. सहा विमानं थांबवणारा हात तो.

"बंद कर," ते म्हणाले. "छोटा स्क्रूड्रायव्हर नाहीये."

जावयाने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. लेक खाली उतरली. तिने बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बूट काढायला पायरीवर बसली.

ते गुडघे टेकून गाडीखाली वाकले तेव्हा त्यांच्या मागच्या खिशातून एक पिवळी मूठ डोकावली. आईने पुढे होऊन त्यांचा शर्ट खाली ओढला, त्या मुठीवर नीट घातला.

"सावकाश शोधा हो," ती म्हणाली. "भात टाकतेय मी."