तळमजल्याचं पाणी

‘पाणी शुद्ध आहे, तरी प्यायला मी कचरलो,’ ही ओळ पाणी तपासायला आलेला हृषी अहवालात लिहिणारच नव्हता.

घरमालकाची योजना झकास होती. सातव्या मजल्यावर वापरलेलं पाणी यंत्रातून साफ होऊन सहाव्याला जायचं, तिथून पाचव्याला, असं थेट तळमजल्यापर्यंत. पाण्याचं बिल पाव झालं होतं. तपासणीत तळमजल्याचंच पाणी सगळ्यात शुद्ध निघालं.

तिथेच राहणाऱ्या त्याच्या मित्राने, प्रबोधने, ग्लास पुढे केला. हृषी तो नुसता धरून बसला.

"पी की साहेब, तूच शुद्ध ठरवलंयस," प्रबोध हसला. "आमच्या छोट्या आर्याच्या वाढदिवसाला वरची पोरं आपापल्या बाटल्या घेऊन आली. आता तिला इथे राहायचंच नाहीये."

हृषीने ग्लास रिकामा केला.

"घरमालकाला महिनाभर सगळं उलटं फिरवायला लावतो, खालून वर. तू वापरलेलं पाणी साफ होऊन सातव्यावाले पिईपर्यंत अहवालावर माझी सही नाही."