राक्षसाची भुवई

संग्रहालयाच्या दालनाच्या दाराशीच योशिनोबूनं बायकोची बाही ओढली.

"किमिए, ऐक. बाबांना आधी ढोल दाखवू. ते मोठे ढोल. मग चहा, मग घरी."

"आणि तुझी नेबुता?"

"तिचं काय एवढं! कागदच तर आहे."

"बक्षीस मिळालेला कागद आहे. बाबांना इथवर आणायला माझी किती वर्षं गेली, माहितीय ना? आता तुझ्याच पोटात का दुखतंय?"

पोटात दुखण्याचं कारण समोरच उभं होतं. काळोख्या दालनात, तारेच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेला, आतून दिव्यांनी उजळलेला घराएवढा योद्धा, आणि त्याच्या पायाखाली चिरडलेला राक्षस. राक्षसाची डावी भुवई मध्येच उलटी वळून कपाळावर चढली होती. खालचा ओठ पुढे आला होता, 'नाही' म्हणायच्या आधी येतो तसा. अशी भुवई आणि असा ओठ अख्ख्या आओमोरी शहरात एकाच माणसाचा होता. तो माणूस, म्हणजे किमिएचा बाप गेंझो, छत्री टेकत मागून येत होता.

किमिएनं राक्षस पाहिला. मग वळून बापाकडे पाहिलं.

"मेल्या," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "हे काय करून ठेवलंस?"

"मे महिन्यात केलं. फोनवर त्यांनी मला कागदवाला म्हटलं ना, त्याच दुपारी. मला काय स्वप्न पडलं होतं बक्षीस मिळेल म्हणून? दरवर्षी सण संपला की फाडतातच. मिरवणुकीच्या गर्दीत भुवया कोण बघतंय!"

ते खरंच होतं. ऑगस्टच्या सणात असे दिव्यांचे कागदी पुतळे, म्हणजे नेबुता, रस्त्यावर नाचतात, आणि सण संपला की कागद फाडून, तारा कापून सगळं मोकळं. बक्षीस मिळवणाऱ्या तेवढ्या वर्षभर संग्रहालयात उभ्या राहतात. योशिनोबूनं जन्मभर त्या बक्षिसाची वाट पाहिली होती आणि ते आलं नेमकं यंदा. देव छप्पर फाडून देतो म्हणतात. ते छप्पर शाकारायचं मात्र आपल्यालाच असतं.

गेंझोनं लग्नापासून जावयाला घरात घेतलं नव्हतं. आपण पोरगी दिली नाही, पोरगी गेली, असं तो चारचौघांत सांगे. नवीन वर्षाला किमिए एकटी आत जायची आणि योशिनोबू बाहेर गाडीत बसून राहायचा. आज म्हातारा पहिल्यांदाच जावयाचं काम बघायला आला होता. आणि आजच सगळ्याची माती होणार होती.

शेजारी दोन बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं राक्षस पाहिला, गेंझोला पाहिलं, पुन्हा राक्षस पाहिला आणि मैत्रिणीला कोपरानं ढोसलं.

"अगंबाई, बघ तरी! हुबेहूब!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं योशिनोबूला वाटलं.

गेंझो राक्षसासमोर येऊन थांबला. मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिला. बघता बघता त्याचीही भुवई चढली आणि ओठ पुढे आला.

"ए कागदवाल्या."

"हां, बाबा."

"याला तू कुठं पाहिलंस?"

किमिए पुढे सरसावली. "बाबा, अहो, ते आपलं उगीच, मनानंच..."

"तू गप गं. असलं तोंड मनानं येत नाही." गेंझोनं छत्रीचं टोक राक्षसावर रोखलं. "हा माझा बाप आहे."

किमिएनं राक्षसाकडे पुन्हा वळून पाहिलं.

"फोटोसुद्धा नाही याचा माझ्याकडे. मीच ठेवला नाही. आणि तू न बघता उतरवलास, भुवईसकट!" म्हातारा आणखी पुढे सरकला. "किमिए, तुझ्या आईशी लग्न केलं म्हणून यानं मला दारातून हाकललं. मरेपर्यंत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सुतकातच पाय ठेवला मी त्या घरात."

किमिएनं नवऱ्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं, नाहीतर रडू.

"छातीवर पाय चांगला दिलायस," गेंझो म्हणाला. "आणखी थोडा दाबला असतास तरी चाललं असतं."

सुटलो, असं योशिनोबूला वाटलं. इतकं हलकं तर बक्षीस जाहीर झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

"रविवारी जेवायला या," म्हातारा दाराकडे वळत म्हणाला. "दोघंही. तू गाडीत बसून ते गार भाताचे गोळे खातोस, ते मला खिडकीतून दिसतं. मग माझ्याच घशाखाली घास उतरत नाही."

दाराशी तो पुन्हा थांबला. वळून राक्षसाकडे एकदा नीट पाहिलं आणि भुवई उडवली.

"नशीब माझं, मी बापावर नाही गेलो. आईवर गेलो."

"अगदी आईवर," योशिनोबू म्हणाला, आणि म्हणता म्हणता कमरेत इतका खाली वाकला, की त्याचं तोंड कुणालाच दिसलं नाही.